घोडा चुकला तर कळतं, कारण चुकलं तर?

बुद्धिबळाच्या डावावर यंत्राने समालोचन लिहावं की नाही, हा वाद सध्या खेळाडू, प्रशिक्षक आणि पालक अशा तिन्ही गोटांत रंगलाय, आणि दोन्ही बाजू तो भलत्याच मैदानावर लढतायत. एका बाजूचं सगळं भांडवल म्हणजे यंत्राच्या फजितीचे नमुने. दहा चालींपूर्वी मारला गेलेला उंट अचानक शह देतो, काळ्याचं प्यादं पांढऱ्याच्या नावावर जमा होतं, मात झालेल्या राजाला ‘अजून झुंज देता येईल’ असा धीर दिला जातो. मंडळी हे वाचून हसतात आणि विषय निकालात निघाला असं धरून चालतात. दुसरी बाजू म्हणते, आज हसून घ्या. थोड्या दिवसांत या चुका उरणार नाहीत, मग काय बोलाल? म्हणजे प्रश्न अचूकतेचा आहे, हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते फक्त अचूकता कधी येणार यावर.

मला यंत्राच्या त्या हास्यास्पद चुकांची काडीची भीती वाटत नाही. नसलेला उंट शह देतो तेव्हा आठ वर्षांचं पोरही बोट ठेवतं. भीती वाटते ती पटावर सगळं जागच्या जागी असताना, सुबक आणि समंजस भाषेत दिलेल्या कारणाची. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. डावात काय झालं हे यंत्राने खुशाल लिहावं. चाल किती चांगली किंवा वाईट तेही सांगावं, ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण चाल का चांगली, हे सांगणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली ते सिद्ध करणारी चालींची ओळ असलीच पाहिजे. नसेल तर ते वाक्य छापू नये. आणि खेळाडूच्या मनात काय होतं, याबद्दल यंत्राने अवाक्षर काढू नये.

आधी विरोधकांचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. चॅटजीपीटीसारखी निव्वळ भाषेवर वाढलेली मॉडेल्स पट धड सांभाळू शकत नाहीत, हे ऑगस्ट 2025 मध्ये जगाने पाहिलं. गुगलच्या कॅगल या मंचाने आठ भाषा-मॉडेल्सची बुद्धिबळ स्पर्धा भरवली. त्यात एका मॉडेलला नियमात बसणाऱ्या चालीच सुचेनात, आणि त्याला त्यापायी डाव गमवावे लागले. अंतिम फेरीत ओपनएआयच्या ओ-थ्रीने ग्रोक-फोरला 4-0 असं धुतलं, आणि त्या लढतीचं समालोचन करायला बसला होता खुद्द माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन. यंत्रं खेळतायत आणि माणूस समालोचन करतोय, हा उलटा देखावा मजेशीर होता खरा. पण त्यावरून ‘यंत्राला समालोचन जमणारच नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. समालोचन लिहिणाऱ्या यंत्राने चांगलं खेळलंच पाहिजे असं कुठे आहे? त्याच्या हाताशी स्टॉकफिशसारखं इंजिन, म्हणजे चाली मोजणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम, दिलं, प्रत्येक चालीनंतरची पटावरची स्थिती, इंजिनाचा आकडा आणि त्याने सुचवलेली पुढची ओळ समोर ठेवली, की नसलेले उंट गायब होतात. तशी जोडणी करणारे आता पुष्कळ आहेत. अचूकतेच्या मुद्द्यावर हसणाऱ्यांची बाजू हरली, असं मी आजच लिहून देतो.

अडचण त्यानंतर सुरू होते. इंजिन देतं काय? एक आकडा आणि एक ओळ. पांढऱ्याचं पारडं दीड प्याद्याने जड आहे आणि दोघेही उत्तम खेळले तर पुढे अमुक चाली होतील, एवढंच. ‘का’ त्यात नसतं. जुन्या स्टॉकफिशमध्ये निदान त्याची खूण तरी होती. त्याचं मूल्यमापन माणसांनी हाताने रचलेलं होतं: राजाची सुरक्षितता इतके गुण, मोकळं सुटलेलं प्यादं इतके गुण, मोहऱ्यांना हालचालीला वाव किती त्याचे इतके. विचारलं तर ते असा तक्ताही काढून दाखवायचं. 2020 मध्ये स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आलं, इंजिनाची ताकद एकदम वाढली, आणि पुढच्या काही वर्षांत ते हाताने रचलेलं मूल्यमापन प्रोग्राममधून काढूनच टाकलं गेलं. आता आकडा येतो तो असंख्य वजनांच्या गुणाकार-बेरजांतून. त्या बेरजेला ‘राजा उघडा पडलाय’ असं काही म्हणायचं नसतं. मग समालोचनातलं ‘कारण राजा उघडा पडलाय’ हे वाक्य येतं कुठून? ते भाषा-मॉडेल आणतं. अशा दिसणाऱ्या पटाबद्दल आजवर माणसांनी जे लिहून ठेवलं, त्यातलं शोभेलसं काहीतरी उचलून ते आकड्याला चिकटवतं. लग्न आधी ठरवावं आणि मग पत्रिकेत गुण शोधावेत, त्यातला हा प्रकार. लग्न चांगलंही निघेल कदाचित. गुणांचा त्याच्याशी संबंध नसतो.

हे हवेतलं वाटू नये म्हणून सगळ्यांना पाठ असलेला एक डाव घेऊ. 1858, पॅरिस, ऑपेरातला एक कक्ष. पॉल मॉर्फीसमोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर अशी जोडी. सात चाली झाल्यात, मॉर्फीचा वजीर बी३ या घरात आहे आणि काळ्याचं बी७ वरचं प्यादं त्याच्या तोंडाशी उघडं पडलंय. ते तो मारत नाही. आठवी चाल खेळतो घोडा सी३. गेली दीडशे वर्षं शिक्षक इथे थांबतात आणि सांगतात: प्यादं मारलं असतं तर काळा वजीर बी४ वर आणून शह देतो, वजिरांची अदलाबदल होते, पांढऱ्याला एक प्यादं मिळतं पण हल्ला संपतो, मॉर्फीने प्याद्यापेक्षा मोहरे बाहेर काढणं पसंत केलं. सतराव्या चालीला मात झाली. आजच्या इंजिनाला विचारा, ते खांदे उडवेल. प्यादं मारूनही पांढरा उत्तमच आहे, आणि उंटाने एफ७ वर मारणं तर त्याहूनही भारी. म्हणजे ‘घोडा सी३ ही सर्वश्रेष्ठ चाल’ हे गणिताने खरं नाही. तरीही शिक्षकाचं वाक्य टिकतं, कारण त्याच्याखाली ओळ आहे: वजीर बी७, वजीर बी४ शह, वजीर गेले. वाचणारा ती पटावर लावून पाहतो आणि म्हणतो, बरं, मला एंडगेम खेळायचा नसेल तर हे पटतं. मला तो आवडत असेल तर मी प्यादं मारतो. वाद घालायला त्यात जागा आहे.

आता तोच प्रसंग आपल्या गल्लीत आणू. सुट्टीच्या दिवशी मी काही मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यांच्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आईने मोठ्या कौतुकाने मला टॅबवर त्याच्या डावाचं आयतं विश्लेषण दाखवलं. जवळपास तशीच स्थिती, बी७ वरचं प्यादं फुकट मिळतंय, वजिरांची अदलाबदल वगैरे काही भानगड नाही, आणि पोराने खेळलाय घोडा सी३. खाली लिहिलेलं: ‘पांढऱ्याने भौतिक लाभाच्या मोहात न पडता मोहऱ्यांच्या विकासाला प्राधान्य दिलं. परिपक्व निर्णय.’ मी पोराला विचारलं, का रे खेळलास? तो म्हणाला, “सर, बी७ दिसलंच नाही. घोडा मघापासून बसून होता म्हणून हलवला.” आई जराशी खट्टू झाली. पण मला राग आला तो त्या ‘परिपक्व’चा. चूक झाली तर ती दाखवणारा भेटेल, असा त्या मुलाचा हक्क होता. यंत्राने त्याच्या हातून ती चूकच काढून घेतली आणि बदल्यात मॉर्फीचं उष्टं कौतुक दिलं. बरं, यात पटाबद्दलचं एकही विधान खोटं नव्हतं. घोडा सी३ वर होता, मोहरा बाहेर आला होता, प्यादं मारलेलं नव्हतं. अचूकतेच्या कोणत्याही चाचणीत हे समालोचन पास झालं असतं.

यावर सगळ्यात जड प्रतिवाद येतो तो असा: माणसं तरी दुसरं काय करतात? हा प्रतिवाद मला खरंच जड वाटतो, आणि त्याचा उत्तम पुरावा मीच पुढे करतो. 1964-65 ची सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा, कीव्ह. मिखाईल ताल विरुद्ध वासुकोव्ह. घोड्याचा बळी द्यावा की न द्यावा, ताल विचार करत बसलाय. चालींचं जंगल माजलंय, काही केल्या आकलन होत नाहीये, आणि अशात त्याच्या डोक्यात रशियन कवी चुकोव्हस्कीची एक बालकविता शिरते: दलदलीत रुतलेल्या पाणघोड्याला बाहेर काढणं किती अवघड! मग जगज्जेतेपद भूषवलेला हा माणूस पटासमोर बसून पाणघोडा काढायचा कसा याचाच विचार करू लागतो. जॅक लावावेत, तरफा लावाव्यात, हेलिकॉप्टर आणावं, दोराची शिडी सोडावी. शेवटी, जमत नाही तर बुडू दे त्याला, असं म्हणतो, पटाकडे पुन्हा बघतो, आणि अंदाजावर घोडा देऊन मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याला वाचायला मिळालं की तालने चाळीस मिनिटं काळजीपूर्वक विचार करून अचूक गणित मांडलेला बळी दिला! ही गोष्ट स्वतः तालनेच सांगितलेली आहे. तेव्हा माणूस समालोचक खेळाडूच्या मनात शिरून पाहतो आणि यंत्र थापा मारतं, ही विभागणी मी कधीच करणार नाही. त्या वार्ताहराने बिनदिक्कत थाप मारली होती.

पण मग ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? वार्ताहराने एका जिवंत माणसाच्या मनाबद्दल विधान केलं, आणि तो माणूस पुढे उठून म्हणाला की नाही हो, मी पाणघोडा काढत होतो. विधान करणारा आणि ज्याच्याबद्दल ते केलं तो, दोघं एकाच जगात राहत होते. एकाने दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढलं. स्पर्धा मोठी होती, खेळाडू ताल होता, म्हणून हे घडलं. रोज खेळल्या जाणाऱ्या लाखो डावांत असा उठून बोलणारा कोण? तो नऊ वर्षांचा मुलगा? त्याला तर ‘परिपक्व’ वाचून आपण खरोखरच तसा विचार केला होता असं वाटू लागेल. चार-सहा महिन्यांनी तो शपथेवर सांगेल की प्यादं मुद्दाम सोडलं होतं. मला यातलं हेच सगळ्यात घातक वाटतं. चुकीचं कारण वाचणाऱ्याला फसवतं ते फसवतंच. खेळणाऱ्याची आठवणही ते बदलून टाकतं.

कारण नसलेल्या ठिकाणी कारण वाचलं की काय होतं, याचं बुद्धिबळातलं सगळ्यात महागडं उदाहरण 1997 चं आहे. न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता कास्पारोव्ह आणि आयबीएमचं यंत्र डीप ब्लू यांच्या सामन्यातला पहिला डाव. कास्पारोव्ह जिंकत आलाय, आणि 44 व्या चालीला यंत्र आपला हत्ती डी१ वर नेऊन ठेवतं. चालीला ना शेंडा ना बुडखा. पुढच्या चालीनंतर यंत्राने डाव सोडला. पण कास्पारोव्ह आणि त्याचा चमू त्या हत्तीत अडकला. एवढ्या मोठ्या यंत्राने ही चाल का केली असेल? शोधता शोधता त्यांनी अर्थ काढला की यंत्राला फार पुढचं, माणसाच्या आवाक्याबाहेरचं दिसत असणार. आयबीएमच्या संशोधकांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितलं ते असं, की तो प्रोग्राममधला दोष होता. काही सुचलं नाही म्हणून यंत्राने कुठलीतरी चाल टाकली होती. दुसऱ्या दिवशीच्या डावात कास्पारोव्हने अशा स्थितीत डाव सोडला, जिथे सततच्या शहाने बरोबरीची वाट असल्याचं नंतर त्याच्याच माणसांनी त्याला दाखवलं. सामना त्याने 3.5-2.5 असा गमावला. त्या हत्तीमुळेच गमावला असं मी म्हणणार नाही, तेवढं कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण जगातला सर्वोत्तम खेळाडू जर निरर्थक चालीत अर्थ पाहून बिचकत असेल, तर हजार-बाराशे रेटिंगच्या पोरांना प्रत्येक चालीखाली तयार अर्थ वाढून देणं किती शहाणपणाचं आहे?

इथे मला 1972 ची आठवण काढायचीय. फिशर आणि स्पास्की जगज्जेतेपदासाठी रेक्याविकला खेळत होते आणि अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर शेल्बी लायमन नावाचा शिक्षक भिंतीवरच्या पटापुढे उभा राहून समालोचन करत होता. चाल आली की घंटा वाजायची. दोन घंटांच्या मध्ये कधी कधी अर्धा तास जायचा, आणि तो सगळा वेळ लायमन आणि त्याचे पाहुणे काय करायचे? अंदाज. आता बहुधा हे खेळेल, नाही, ते जास्त बरं. घंटा वाजायची आणि भलतीच चाल यायची. समालोचक हजारो प्रेक्षकांसमोर तोंडघशी पडायचा, हसायचा, पुन्हा मोहरे लावायचा. लोकांना याचं वेड लागलं होतं. पहिल्याच डावात फिशरने बरोबरीत चाललेल्या स्थितीत उंटाने एच२ वरचं प्यादं खाल्लं आणि उंट तिथेच कोंडला गेला. डाव हरला. ही चाल का केली यावर पन्नास वर्षं खल चाललाय: हिशेब चुकला, बरोबरी नको होती, डिवचायचं होतं. अजून एकमत नाही. आजच्या यंत्राला ती चाल दिली तर दोन सेकंदांत एक नीटस परिच्छेद येईल. अडखळत, चुकत, ‘कळत नाही बुवा’ म्हणत केलेलं समालोचन त्या परिच्छेदापेक्षा जास्त खरं होतं, कारण त्यात न कळण्याला जागा होती. ‘मला कळत नाही’ हे वाक्य विकायला अवघड आहे, एवढाच त्याचा दोष.

आणि ज्याचं खरोखर स्पष्टीकरण देता येतं, तिथेही आकडा आणि कारण वेगळे असतात. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा डाव. गुण सारखे, डाव बरोबरीकडे झुकलेला, गुकेशकडे एक प्यादं जास्त. 55 व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. पडद्यावरचा मूल्यमापनाचा पट्टा क्षणात कोसळला आणि घरोघरी बसलेल्या लाखोंना कळलं की जगज्जेतेपद गेलं. त्यांच्यापैकी कितींना का गेलं हे कळलं? कारण तीन चालींत मावतं. हत्तींची अदलाबदल, मग काळा उंट डी५ वर. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी वाट असते आणि त्या वाटेवर आता दुसरा उंट छातीठोक उभा होता. उंटही गेले की राहतात राजे आणि प्यादी, तिथे जास्तीचं प्यादं जिंकतं. ही ओळ यंत्राने दिली तर मी त्याला हात जोडीन. पण त्या क्षणाची दुसरी बाजू गुकेशने नंतर सांगितली: हत्ती एफ२ वर आला तेव्हा ती घोडचूक आहे हे त्याला लगेच कळलंच नव्हतं, तो वेगळीच चाल खेळायच्या बेतात होता. अठरा वर्षांच्या मुलाने जगज्जेतेपद जवळजवळ नजरेतून सोडलं होतं! हे इंजिनाच्या आकड्यातून निघत नाही. भाषेच्या साच्यातूनही निघत नाही, कारण साचा म्हणेल ‘गुकेशने संधी अचूक हेरली’. ते फक्त गुकेशला विचारून कळतं.

आता दुसरा मोठा मुद्दा, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त आपला वाटतो. पोहोच. नागपूरच्या दिव्या देशमुखने 28 जुलै 2025 ला बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्याच विजयाने ती एकही नॉर्म (त्या पदासाठी स्पर्धांत करून दाखवायची ठरावीक कामगिरी) हाताशी नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. आपल्याकडे पेढे वाटले गेले, अग्रलेख आले. पण ते निर्णायक डाव चालीगणिक समजावून सांगणारं मराठीत किती आलं? रघुनंदन गोखल्यांसारखी मोजकी मंडळी मराठीत बुद्धिबळावर लिहितात. त्यांच्या बळावर महाराष्ट्राची गरज भागणार आहे का? ज्या राज्यात सांगलीसारखं गाव पिढ्यान्‌पिढ्या स्पर्धा भरवत आलं, जिथून खाडिलकर भगिनी, ठिपसे, कुंटे, विदित गुजराथी आले, तिथल्या तालुक्याच्या मुलीला आपल्या डावावर मराठीत दोन शब्द सांगणारं कोणी नाही. शिकवणीचे तासाचे दर परवडत नाहीत, इंग्रजी समालोचन डोक्यावरून जातं. तिच्यासाठी यंत्र हा एकमेव वाचक असेल तर तो नाकारणारे आपण कोण? त्यातच अंध खेळाडूंचा विचार करा. मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी अंध बुद्धिबळपटूंची देशव्यापी संघटना उभी केली. ती मुलं स्वतःच्या पटावर बोटांनी मोहरे चाचपून खेळतात. पण जगातला मोठा डाव चालू असताना तो त्यांच्या कानापर्यंत पोहोचवायला किती समालोचक मिळणार? ‘हत्ती सातव्या पट्टीत आला, राजा कोपऱ्यात गेला, घड्याळात दोन मिनिटं उरली’ असं यंत्र न थकता सांगत राहिलं, तर त्यात वाईट काय आहे? काहीच नाही. तिथे मी पूर्णपणे यंत्राच्या बाजूने आहे.

फक्त एक गोष्ट पाहावी. या दोन्ही उदाहरणांत जे मोलाचं आहे ते वर्णन आणि मूल्यमापन. 2018 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी हौशी खेळाडूंनी केलेल्या टिपांमधून चाल आणि टीप अशा जवळपास तीन लाख जोड्या गोळा करून यंत्राला समालोचन शिकवायचा प्रयत्न केला. त्यांनी टिपांचे प्रकार पाडले तेव्हा चालीचं वर्णन, चालीचा दर्जा आणि चालीमागचा बेत हे कप्पे वेगळे ठेवले होते. ही विभागणी तेव्हा तांत्रिक सोयीसाठी होती, पण माझ्या मते आजच्या सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. पहिले दोन कप्पे पटावरून तपासता येतात. तिसरा तपासायचा तर ओळ लागते, आणि बेत कोणाच्या तरी डोक्यातला असेल तर ओळही पुरत नाही. भाषा-मॉडेल्सनी तिन्ही कप्पे एकाच गोड सुरात मिसळून टाकलेत. आणि त्या मिसळण्याचा फटका जास्त बसतो तो त्या तालुक्याच्या मुलीलाच. पुण्या-मुंबईच्या मुलाला चुकीचं कारण मिळालं तर रविवारी त्याचा कोच म्हणेल, सोड रे, काहीतरीच लिहिलंय. तिच्याकडे असं म्हणणारं कोणी नाही. ज्याच्याकडे दुसरा वाचक नाही त्याला पहिला वाचक जास्त काटेकोर मिळायला हवा. आपण मात्र ‘काहीच नसण्यापेक्षा हे बरं’ म्हणून त्याच्या पदरी सैल माल टाकतोय. आधीच शिक्षक नसलेल्या शाळेला चुका असलेलं पुस्तक पाठवताना हेच म्हणतात.

तिसरा एक आक्षेप नेहमीचा: इंजिनं आली तेव्हाही असेच गळे काढले होते. खेळ मरणार म्हणाले, मेला नाही. उलट कार्लसनपासून गुकेशपर्यंत सगळी पिढी इंजिनाच्या साथीने वाढली. खरं आहे. डाव अर्धवट थांबवून नंतर पुढे खेळायची, तहकूब डावांची पद्धत इंजिनांमुळे संपली आणि तिच्यासाठी आज कोणी रडत नाही. मीही नाही. पण इंजिन आणि भाषा-मॉडेल यांना एका माळेत ओवताना एक फरक नजरेआड होतो. इंजिन जे बोलतं ते पटावर उतरतं. त्याने सुचवलेली चाल खेळा. जिंकली तर जिंकली, नाही तर दुसरं इंजिन ती खोडून काढतं. 1990 च्या दशकात इंजिनाच्या चुका दाखवणारे ग्रँडमास्टर होते, ते बरोबर होते, आणि इंजिनं सुधारली, कारण चूक सिद्ध करण्याचा रस्ता उघडा होता. ‘पांढऱ्याने केंद्रावर सूक्ष्म दबाव कायम राखला’ हे वाक्य तुम्ही कसं खोडणार? कोणत्या चालीने? जे हरू शकत नाही ते बुद्धिबळात बसतच नाही.

मग करायचं काय? बंदी वगैरे घालण्यात मला रस नाही, ती टिकणारही नाही. जिल्हा स्पर्धांच्या आयोजकांनी यंत्राचं समालोचन जरूर लावावं. वर्णन आणि आकडा देऊन थांबावं, कारण द्यायचंच असेल तर खाली व्हेरिएशन, म्हणजे चालींची ओळ, द्यावं. ‘इथे दोन-तीन चाली सारख्याच आहेत’ आणि ‘या चालीचा हेतू पटावरून कळत नाही’ ही दोन वाक्यं यंत्राला बोलता आली पाहिजेत. आजची बहुतेक अ‍ॅप्स ती कधीच बोलत नाहीत. शिकवणाऱ्यांसाठी तर नियम सोपा आहे आणि मी तो वर्गात लावलाय: मुलाने आधी स्कोअरशीटच्या मागे स्वतःच्या हाताने लिहायचं की अमुक चाल का खेळलो, ‘दिसलंच नाही’ लिहिलं तरी चालेल, आणि मगच यंत्र उघडायचं. पहिल्या आठवड्यात निम्म्या मुलांनी सगळीकडे ‘माहीत नाही’ लिहिलं. एका मुलीने लिहिलं, ‘त्याने घोडा तिथे ठेवला म्हणून मी पण ठेवला.’ त्या एका वाक्यावर मी पाऊण तास शिकवू शकलो.

अ‍ॅप बनवणारे यावर म्हणतात की लोकांना व्हेरिएशन्स नको असतात, चालींच्या रांगा बघून ते पळतात, त्यांना गोष्ट हवी असते. असेल. मग ज्याला नको त्याने ती ओळ उघडू नये. ज्याला तपासायचंय त्याच्यासाठी ती वाक्याखाली असू द्यावी. इंजिनाने ती आधीच काढलेली असते, समालोचन लिहिताना मॉडेलच्या समोर ती असते, आणि वाचणाऱ्यापर्यंत येताना तेवढीच नेमकी गळते. फुकटात हाती असलेली गोष्ट गाळायची कशासाठी, याचं उत्तर त्यांच्याकडून यायला हवं.